विथ म्हणजे सोबत, मग विथड्रॉ आणि विथहोल्डमध्ये तो उलटा का वागतो?

क्लासवाले_सर (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला कॉलेज रोडला स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मुलं बहुतेक दिंडोरी, कळवण, निफाड, सिन्नर भागातली, मराठी माध्यमातून आलेली, आणि नुसतं पाठ करून गप्प बसणारी नाहीत, कारण विचारतात. या आठवड्यात बँकेत लागणारे शब्द घेत होतो त्यात विथड्रॉअल आलं, तर कळवणची एक मुलगी म्हणाली सर, विथ म्हणजे सोबत आणि ड्रॉ म्हणजे ओढणं, मग विथड्रॉ म्हणजे सोबत ओढून आणणं असं पाहिजे ना, खात्यातनं काढून घेणं कसं काय झालं? लगेच मागच्या बाकावरून विथहोल्ड आलं, कारण रिझल्ट विथहेल्ड हे दोन शब्द आमच्या वर्गात सगळ्यांना पक्के माहिती आहेत, निकाल राखून ठेवला. तिथेही सोबतचा काही संबंध लागत नाही. विथस्टँड घ्या, सोबत उभं राहणं नाही, तर तोंड देणं, टिकाव धरणं.

मग फाइट विथ. 'ही फॉट विथ हिज ब्रदर' याचा अर्थ भावाशी भांडला की भावाच्या बाजूने लढला, दोन्ही निघतात. शब्दकोशात अर्थ सगळे दिलेत पण एकाच शब्दात सोबत आणि विरुद्ध हे दोन्ही कसे येऊन बसले ते कुठे मिळालं नाही. 'इंग्रजी अशीच आहे, पाठ करा' हे उत्तर मला मुलांना द्यायचं नाहीये, कारण हेच उत्तर ऐकून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलं इंग्रजीला घाबरत आलीत. कुणी जुन्या इंग्रजीचा अभ्यास केला असेल तर प्लीज सविस्तर लिहा, आणि विदाउट, विदिन हेही याच घरातले का तेही सांगा.

हस्तलिखित_वेडा

सर, त्या मुलीने अगदी नस पकडलीय. विथचा मूळ अर्थ सोबत नव्हताच. जुनी इंग्रजी म्हणजे साधारण पाचव्या शतकापासून १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आसपासपर्यंतची भाषा, तिच्यात विथ म्हणजे विरुद्ध, समोर, च्या दिशेने, लगत. सोबत म्हणायला त्यांच्याकडे वेगळाच शब्द होता, मिड. जर्मनमध्ये तो मिट म्हणून, डचमध्ये मेट म्हणून आणि डॅनिश-स्वीडिशमध्ये मेड या रूपात आजही रोज वापरात आहे, फक्त इंग्रजीने तो टाकून दिला आणि त्याची सगळी कामं विथच्या गळ्यात घातली.

एक नमुना बघा. ८७१ साली राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड (हाच पुढे आल्फ्रेड द ग्रेट) डॅनिश सैन्याशी लढले, त्याची नोंद अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या बखरीत आहे आणि तिथे 'त्या सैन्या-विथ लढले' अशीच रचना आहे. आजच्या इंग्रजीची सवय असलेला माणूस ते वाचून म्हणेल की हे डॅनिश लोकांच्या बाजूने होते की काय, पण त्या काळी विथ म्हटल्यावर शत्रू समोर उभा, यात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

दुसरा नमुना मला त्याहून जास्त आवडतो. दहाव्या-अकराव्या शतकातली वैद्यकीची इंग्रजी हस्तलिखितं आहेत, त्यात एकेक उपाय सुरू होतो तोच 'विथ' अमुक दुखणं असा. विथ डोकेदुखी, पुढे अमुक पाला घ्या, ठेचा, लावा. आजचा अर्थ लावला तर वाटेल डोकेदुखीसोबत हे घ्या, पण अर्थ आहे डोकेदुखीविरुद्ध, डोकेदुखीला उतारा म्हणून. आपण म्हणतो ना खोकल्यावर अडुळसा, पित्तावर कोकम, त्यातला जो 'वर' आहे अगदी तेच काम तिथे विथ करतो.

आता तुमचे शब्द. विथस्टँड थेट जुन्या इंग्रजीतला, विरुद्ध उभं राहणं. याचा सख्खा भाऊ जर्मनमध्ये वीडरश्टांड, म्हणजे प्रतिकार, आणि त्यातला वीडर म्हणजे विरुद्ध हा आपल्या विथचाच नातेवाईक. विथहोल्ड आणि विथड्रॉ हे थोडे नंतरचे, मध्य इंग्रजीतले, म्हणजे नॉर्मन स्वारीनंतरच्या इंग्रजीतले, पण ते जुळले तेव्हा विथमध्ये 'मागे, परत, दूर' ही छटा जिवंत होती. म्हणून मागे धरून ठेवणं म्हणजे विथहोल्ड, मागे ओढून घेणं म्हणजे विथड्रॉ. तेव्हा बँकेच्या विथड्रॉअल स्लिपवरचा विथ आणि 'कम विथ मी' मधला विथ एकच आहे, फक्त जोडशब्दात जुना अर्थ तसाच राहून गेला आणि सुटा शब्द पुढे बदलत गेला.

क्लासवाले_सर (नाशिक)

दादा खूप खूप आभार, खोकल्यावर अडुळसा तर मुलांना लगेच पटेल. पण माझी खरी अडचण इथेच आहे. विरुद्धचा सोबत झाला कसा? शब्दाचा अर्थ थोडा सरकतो हे समजतं, पण पार उलटा? मधली पायरी कोणती?

हस्तलिखित_वेडा

मधली पायरी म्हणजे समोर. विरुद्ध असायचं तर माणूस समोर लागतो, जवळ लागतो. लढाई एकट्याची होत नाही, सौदा एकट्याचा होत नाही, बोलणंही नाही. जुन्या इंग्रजीत विथ या तिन्हींना चालायचा, लढणं, बोलणं, आणि एका वस्तूच्या बदल्यात दुसरी देणं. या सगळ्यात दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून आहेत एवढंच समान. त्यातनं वैर वजा करा, जे उरतं ते 'च्याशी'. आणि च्याशीपासून सोबतपर्यंत फार लांब जावं लागत नाही.

याला बाहेरून दोन धक्के बसले असं अभ्यासक मानतात. एक, नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात येऊन वसलेले स्कँडिनेव्हियन लोक. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत विद हा शब्द विरुद्ध आणि सोबत दोन्ही अर्थांनी चालायचा. या लोकांनी इंग्रजीला दे, देम, देअर अशी सर्वनामं दिलीत, स्काय, एग, नाइफ, टेक हे शब्द दिलेत, त्यामुळे अव्ययाच्या अर्थाला त्यांचा हात लागला असेल तर नवल नाही. दुसरा धक्का लॅटिनचा. लॅटिनमध्ये कुम म्हणजे सोबत, पण 'पुन्यारे कुम' म्हणजे च्याशी लढणं, तिथेही दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली, आणि लिहिणारे-वाचणारे सगळे लॅटिन शिकलेले. चौदाव्या शतकाच्या शेवटापर्यंत, म्हणजे इंग्रज कवी चॉसरच्या काळापर्यंत, मिड जवळजवळ संपला आणि विथ आजच्या अर्थाने पक्का झाला.

मिड मात्र सुईण या अर्थाच्या एका शब्दात अजून टिकून आहे. मिडवाईफ.

उपकेंद्राची_सिस्टर

मिडवाईफ वाचून थांबले. मी सुरगाणा तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम आहे, त्यातल्या एमचा अर्थच मिडवाईफ. आमच्यात बऱ्याच जणींची समजूत अशी की मिड म्हणजे मधली, आई आणि बाळाच्या मध्ये असणारी. तर हा मिड म्हणजे मिडडे, मिडनाइटमधला मिड नाही का? आणि वाईफ कुणाची?

हस्तलिखित_वेडा

नाही सिस्टर, तो मिड वेगळा. इथला मिड म्हणजे सोबत, आणि वाईफ म्हणजे तेव्हा कुठलीही बाई, बायको हा अर्थ नंतर आवळत गेला. मिडवाईफ म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई. शब्दाची पहिली नोंद १३०० च्या आसपासची.

आणि आता ऑबस्टेट्रिक्स, म्हणजे प्रसूतिशास्त्र, हा शब्द बघा, कारण सरांच्या मधल्या पायरीचा याच्याहून चांगला पुरावा मला सापडणार नाही. लॅटिनमध्ये सुईणीला ऑबस्टेट्रिक्स म्हणायचे, ऑब म्हणजे समोर किंवा विरुद्ध आणि स्टारे म्हणजे उभं राहणं. बाळंतिणीच्या समोर उभी राहणारी. याच ऑब आणि स्टारेमधनं अडथळा, आडवं येणं या अर्थाचाही शब्द लॅटिनमध्ये झालाय. म्हणजे तेच समोर उभं राहणं, एकीकडे आडकाठी आणि दुसरीकडे सुटका करणारी बाई. इंग्रज तिला सोबत असणारी म्हणाले, रोमन समोर असणारी म्हणाले, बाई तीच.

उपकेंद्राची_सिस्टर

हे दोन्ही खरंय हो. पाड्यावरची पहिलटकरीण आली की आधी ती आमचं मनगट धरते, एवढं घट्ट की बोटांचे वळ उठतात, आणि डोळे सारखे आमच्या तोंडाकडे, तोंडावर जरा जरी काळजी दिसली की तिचा धीर सुटतो. म्हणून समोरच उभं राहावं लागतं, बाजूला किंवा पाठीमागे राहून चालत नाही. गावात जुन्या सुईणी होत्या त्या पण हेच करायच्या, तिच्यापुढे बसून राहायच्या, बोलत राहायच्या. नवीन मुली ट्रेनिंगला येतात त्यांना मी शब्दाचा हा अर्थ सांगणार आहे. त्यांना एमचा फुल फॉर्म पाठ असतो, त्यात सोबत असणं लिहिलंय हे कुणी सांगत नाही.

नाशिकरोडच्या_बाई

मी संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त आहे. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. इंग्रजी विथचं मूळ मागे नेत गेलं की ते 'वि' या मुळाशी पोचतं, वेगळं होणं, दूर असणं. हाच आपला वि उपसर्ग, वियोग, विभाग, विलग, विभक्त यातला. त्याला 'तर' हा प्रत्यय लागून वितर, म्हणजे अधिक दूर, अधिक वेगळं. हा 'तर' तुम्हाला उच्चतर, लघुतरमधून माहिती आहे. वेदात वितरम् हे रूप आहे, अधिक लांब या अर्थाने. या वि-तरचं जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घरातल्या, भाषांत विथर झालं आणि त्याचाच पुढे विथ.

आणि खरी गंमत विनाची आहे. पाणिनीचं सूत्र आहे, विनञ्भ्यां नानाञौ न सह, ५.२.२७. वि आणि नञ् (नकाराचा न) यांना 'न सह' म्हणजे एकत्र नाही या अर्थाने ना आणि नाञ् हे प्रत्यय लागतात आणि विना, नाना हे शब्द सिद्ध होतात. पाणिनीने अर्थच दिलाय, न सह. आपण विनातिकीट, विनाअनुदानित, विनाकारण म्हणतो तो हाच विना. म्हणजे एकाच वि मधून आपल्याकडे सोबत नसणं निघालं आणि इंग्रजांकडे हळूहळू सोबत असणं निघालं. मी वर्गात उपसर्ग शिकवताना हे कधी माहिती असतं तर मुलींनी ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं.

ओझरचा_इंजिनीअर

बाई आदर ठेवून विचारतो, पण हे म्हणजे पुन्हा सगळं संस्कृतमधून निघालं असं होतंय का? व्हॉट्सअपवर असे मेसेज रोज फिरतात, आवाज जुळला की झाला संस्कृत शब्द. वि आणि विथ दोन अक्षरं सारखी म्हणून नातं कसं धरायचं?

नाशिकरोडच्या_बाई

प्रश्न योग्य आहे, विचारलात ते बरं झालं. इंग्रजी विथ संस्कृतमधून निघालेला नाही. दोघांचा पूर्वज एकच, फार जुना, कुणी लिहून न ठेवलेला. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आलेल्या दिसतात. आणि नातं ठरवतात ते आवाज जुळला म्हणून नाही, आवाज नेमाने बदलला म्हणून. संस्कृतात जिथे त, तिथे इंग्रजीत बहुतेक थ. त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नेम सविस्तर मांडला. वितर मधल्या त चा विथर मधला थ हा त्याच नेमाने होतो. शेवटी लागणारा हा 'तर' इंग्रजीत आणखी सापडतो, व्हेदर हा आपल्या कतर शब्दाचा भाऊ आहे, कतर म्हणजे दोघांपैकी कोणता. नुसता आवाज जुळतोय आणि नेम लागत नाही, तिथे मी पण विश्वास ठेवत नाही.

विडो आणि विधवा यांचंही नातं असंच नेमाने लागतं. आपल्याकडे वि अधिक धव, धव म्हणजे पती, अशी फोड शिकवतात, पण बरेच अभ्यासक उलटं सांगतात, की विधवा हा अखंड शब्द आधीचा आणि धव हा त्याची फोड करून नंतर काढलेला.

ओझरचा_इंजिनीअर

पटलं बाई. नेमाने बदल हे मला कळलं, धन्यवाद.

सीबीएसचा_वकील

आमच्या कोर्टात दिवसातनं दहा वेळा येणारा शब्द कुणी घेतला नाही म्हणून मी घेतो, नॉटविथस्टँडिंग. कायद्याची कितीतरी कलमं याच शब्दाने सुरू होतात, आणि मराठी कायद्यात त्याला 'कोणत्याही अन्य कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी' असं लांबलचक लिहितात. लॉ कॉलेजला आम्हाला हा नॉन ऑबस्टांटे क्लॉज म्हणून शिकवला, पण दोन्ही शब्द एकच आहेत हे कुणी फोडून सांगितलं नव्हतं. वर ऑबस्टेट्रिक्सची फोड वाचली आणि उलगडलं. नॉन ऑबस्टांटे म्हणजे आडवं न उभं राहता, आणि नॉट-विथ-स्टँडिंग हे त्याचंच शब्दाला शब्द इंग्रजी. म्हणजे अमुक कायदा आडवा येत नाही असं धरून पुढचं वाचा. इथे विथचा अर्थ सोबत घेतला तर कलम उलटं होतं, आणि जुनिअर मुलं मराठीतनं समजून घेताना नेमकी तिथेच अडखळतात.

सर, तुमच्या विदाउट-विदिनचं पण सांगतो, कारण ते जागेचे शब्द आहेत आणि त्यावर मी थोडं वाचलंय. विदाउटचा जुना अर्थ शिवाय नव्हे तर बाहेर, विदिन म्हणजे आत. यातला विथ म्हणजे 'च्या बाजूला, कडे', आउटकडे आणि इनकडे. लंडन शहराच्या जुन्या तटबंदीमुळे तिथे आजही दोन वॉर्ड आहेत, फॅरिंग्डन विदिन आणि फॅरिंग्डन विदाउट. एक तटाच्या आतला, दुसरा तटाबाहेरचा. बिशप्सगेट दरवाजाबाहेरच्या चर्चचं नावही सेंट बोटोल्फ विदाउट बिशप्सगेट असंच आहे. आपल्या जुन्या नाशकात दिल्ली दरवाजा, नाव दरवाजा अशी नावं राहिलीत, तसंच तिकडे या शब्दांत वेस राहिलीय. बाहेर असलेलं म्हणजे आपल्याजवळ नसलेलं, त्यावरून विदाउटला शिवाय, विना हा अर्थ आला. विदिन सेव्हन डेजची नोटीस मात्र जुन्याच अर्थाची, सात दिवसांच्या आत.

भाषांतरवाली_गंगापूर_रोड

मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे विथ माझ्या रोजच्या कामातला. त्याला मराठीत एक शब्द नाहीच. पेनने लिहिलं, थंडीने कुडकुडला, माझ्याकडे पैसे नाहीत, लांब केसांची मुलगी, दुधाचा चहा, इतकं सगळं असूनही तो खूश नाही, या प्रत्येकात इंग्रजी वाक्यात विथ बसतो आणि मराठीत प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी. पण सरांनी विचारलेलं जे आहे, सोबत आणि विरुद्ध एकाच शब्दात, ते आपल्या घरात आधीपासून आहे. तृतीयेचा शी. शाळेत आपण ने, ए, शी पाठ केलेत. रामाशी भांडली, रामाशी बोलली, रामाशी लग्न केलं, रामाशी वैर धरलं, रामाशी मैत्री केली. एकच शी, आणि ऐकणारा कधीच गोंधळत नाही कारण क्रियापद सगळं सांगून जातं. सर, कळवणच्या मुलीला हे सांगा, तिच्या कानाला हे लहानपणापासून माहिती आहे.

बरोबर हा शब्द त्याहून भारी. तो फारसीतला, बर म्हणजे छाती, बराबर म्हणजे छातीला छाती, समोरासमोर. फारसीत 'दर बराबर-ए' म्हणजे च्या समोर, च्या विरुद्ध. आणि आपण म्हणतो माझ्याबरोबर चल. बरोबरी करणं यात अजून ती समोरासमोरची छटा आहे. हस्तलिखितवाल्या दादांनी समोर ही जी मधली पायरी सांगितली ती इथे जशीच्या तशी सापडते, आणि तेही इंग्रजीशी काही घेणंदेणं नसताना.

उलट सोबत हा शब्द अरबी सोहबतवरून आलेला, त्यात मुळात फक्त संगत, वैराचा लवलेश नाही. आणि आता बघा टीव्हीवर काय ऐकू येतं, शत्रूसोबत युद्ध, माझ्यासोबत भांडू नको, पोलिसांसोबत हुज्जत. हिंदीतल्या 'के साथ'मुळे शीची जागा सोबत घेतोय. मला हे मनापासून खटकतं, कारण शी एवढा नेमका आणि छोटा प्रत्यय आपल्याकडे असताना तो मरू द्यायचं काही कारण नाही. पण भाषेचा अभ्यास म्हणून बघितलं तर आपल्या डोळ्यांदेखत सोबत विरुद्धकडे निघालाय, विथ आला त्याच रस्त्याने, फक्त उलट्या दिशेने.

उपकेंद्राची_सिस्टर

आमच्याकडे पाड्यावर अजून संगं म्हणतात ताई, माझ्यासंगं ये, आणि माझ्यासंगं भांडतो असंही म्हणतात, आणि त्यांनी टीव्ही फार बघितलेला नाही. तेव्हा सगळं हिंदीवर घालू नका.

भाषांतरवाली_गंगापूर_रोड

हे महत्त्वाचं सांगितलंत सिस्टर. मग हिंदीने जोर दिला असेल, पण वाट आपल्याकडेही होती असं म्हणावं लागेल. तरी लिहिताना मी शीच लिहिणार.

क्लासवाले_सर (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सोमवारी फळ्यावर आधी शीची वाक्यं लिहून घेतो, मुलांकडूनच काढून घेतो, मग खोकल्यावर अडुळसा, मग समोर, आणि तिथून विथड्रॉ, विथहोल्ड, विथस्टँड. मिडवाईफ पण घेणार, वर्गात नर्सिंगची परीक्षा देणाऱ्या मुली आहेत.

एक भीती आहे फक्त. शी म्हणजे विथ असं ठसवलं तर मुलं 'शी मॅरीड विथ हिम' लिहायला लागतील, जे आत्ताच निम्मा वर्ग लिहितो. ते कसं सांभाळू?

भाषांतरवाली_गंगापूर_रोड

सर, शी म्हणजे विथ असं सूत्र देऊच नका. शी दोन्ही बाजूंनी चालतो तसाच विथ चालतो, एवढंच सांगा, आणि वाक्यं मात्र इंग्रजी क्रियापदाबरोबरच पाठ करून घ्या. मॅरी हिम, मॅरीड टू हिम. डिस्कस द मॅटर विथ हिम, म्हणजे विथ माणसाला लागतो, विषयाला काहीच लागत नाही, आपल्याकडे डिस्कस अबाउट सर्रास लिहितात. कोप विथ, कोप अप विथ नाही. अँग्री विथ माणसावर. आणि फाइट विथमध्ये खरंच घोळ व्हायची शक्यता असेल तिथे विरुद्ध म्हणायला अगेन्स्ट आणि बाजूने म्हणायला अलाँगसाइड वापरायला लावा, पेपर तपासणाऱ्याला शंका येता कामा नये.

हस्तलिखित_वेडा

याला जोडून, पार्ट विथ पण घ्या. पार्ट विथ युवर मनी, म्हणजे पैसे हातचे जाऊ देणं. तिथे विथचा अर्थ सोबत लावला की मुलं चुकणार, दूर हा जुना अर्थ मनात ठेवला की लगेच लक्षात राहतं. ब्रेक विथ, डिस्पेन्स विथ, डू अवे विथ यांनाही हीच युक्ती चालते. बँकेच्या परीक्षेत फ्रेजल व्हर्ब विचारतात, त्यात उपयोगी पडेल.